वाघाचे पट्टे, बोटांच्या रेघा आणि चित्र वाचणारे रसायन

१/ डिसेंबर २०२४. धाराशिव जिल्ह्यातील येडशी-रामलिंग घाट अभयारण्यातल्या एका कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघ टिपला गेला. मराठवाड्याच्या या भागात वाघ ही गोष्ट कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. छायाचित्रातील पट्टे वनखात्याच्या संग्रहातील जुन्या नोंदींशी पडताळले गेले आणि उत्तर मिळाले : हा वाघ यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा. शेकडो किलोमीटरचा मुलूख तुडवून आलेल्या प्राण्याचे मूळ गाव त्याच्या कातडीनेच सांगितले.

२/ या घटनेत दोन प्रश्न दडलेले आहेत. कातडीवर असे पट्टे उमटतात कसे, हा पहिला. धूसर छायाचित्रातून ते वाचायचे कसे, हा दुसरा. वरवर पाहता पहिला प्रश्न जीवशास्त्राचा आणि दुसरा यंत्रविद्येचा. पण गेल्या सत्तर वर्षांत या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच गणितात सापडत गेली. त्या गणिताचे नाव अभिक्रिया-विसरण. त्याच्या आधारे चित्रे वाचणारी रसायने आणि चिप कशा तयार झाल्या, त्यांचा हा इतिहास.

३/ आधी टिपेश्वरविषयी. पांढरकवड्याजवळचे हे अभयारण्य सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे. भोवती कापसाची आणि तुरीची शेते, पलीकडे तेलंगणाची सीमा. जागा लहान, वाघ वाढते; त्यामुळे वयात आलेले नर बाहेर पडतात. २०१९ मध्ये येथून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला ‘वॉकर’ वाघ सुमारे १३०० किलोमीटर भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. मार्च २०२१ मध्ये गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात दिसलेला वाघही टिपेश्वरचाच निघाला. कॉलर मोजक्याच वाघांना असते. बाकीच्यांची ओळख पट्ट्यांवर अवलंबून.

४/ वाघ मोजण्याची जुनी रीत पाऊलखुणांची होती. ओडिशाचे वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी १९६० च्या दशकात ती रूढ केली. ओल्या मातीतील पंज्याचा ठसा काचेवर उतरवून घ्यायचा आणि त्यावरून वाघ ओळखायचा. पण माती बदलली की ठसा बदलतो. २००४-०५ मध्ये राजस्थानातील सरिस्का येथे कागदावर वाघ होते, जंगलात मात्र एकही उरला नव्हता. त्या धक्क्यानंतर ही पद्धत मागे पडली.

५/ पर्याय तोवर सिद्ध झालेला होता. उल्लास कारंथ यांनी कर्नाटकातील नागरहोळे येथे कॅमेरा ट्रॅप लावून, पट्ट्यांवरून वाघ ओळखून, संख्याशास्त्राने त्यांची गणना करण्याची पद्धत १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात; इतकेच नव्हे, तर एकाच वाघाची डावी आणि उजवी कूसही जुळत नाही. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावावे लागतात.

६/ २०१८ च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले. त्यांतून ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे मिळाली. वाघांची छायाचित्रे होती ७६,६५१ आणि त्यांतून बछडे वगळता २,४६१ वेगवेगळे वाघ ओळखले गेले. हे काम केवळ डोळ्यांनी होणे अशक्य. रात्रीचा फ्लॅश, अंगाला लागलेला चिखल, आडवे आलेले गवत, चालताना वळलेले शरीर यांतून पट्टा शोधून काढणे, हीच चित्रप्रक्रियेची कसोटी.

७/ ही कसोटी केवळ अभ्यासकांची नव्हे, हे यवतमाळने जवळून पाहिले आहे. २०१६ ते २०१८ या काळात राळेगाव आणि पांढरकवडा परिसरात १३ माणसांच्या मृत्यूंचा ठपका टी-१ या वाघिणीवर ठेवला गेला. त्याच परिसरात टी-२ हा नरही फिरत होता. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला आणि २ नोव्हेंबरच्या रात्री वाघीण गोळीने मारली गेली. शेतावर जाणाऱ्या माणसाचा जीव आणि वाघिणीचा जीव, दोन्ही ‘ही तीच का?’ या एका प्रश्नाला बांधलेले होते.

८/ माणसाच्या अंगावरही असेच पट्टे असतात, बोटांच्या टोकांवर. आपल्याकडे सामुद्रिकात त्यांना शंख आणि चक्र म्हणत आले आहेत. त्यांना सरकारी दप्तरात आणले तेही याच देशात. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या ठेकेदाराच्या करारावर त्याच्या हाताचा ठसा घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्यात अंगुलिमुद्रा कार्यालय सुरू झाले. तेथील वर्गीकरणाला एडवर्ड हेन्री यांचे नाव मिळाले. ते उभे करण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता.

९/ २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावात देशातील पहिली आधार कार्डे दिली गेली. पुढे धान्यापासून कर्जमाफीपर्यंत अंगठा हाच पुरावा झाला. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेतही शेतकऱ्याला आधार प्रमाणीकरण करावे लागले. कर्ज आणि कापूस हे ज्या जिल्ह्याचे जगणे, त्या यवतमाळात यंत्राने अंगठा ओळखला की नाही, याला किती वजन असेल हे वेगळे सांगायला नको.

१०/ आणि नेमके कष्टाचे हातच यंत्राला वाचता येत नाहीत. माती, खते, विळ्याची मूठ, वाळलेल्या बोंडाची टोके यांनी बोटांवरच्या रेघा झिजतात, तुटतात, भेगाळतात. ही अडचण आधारची आखणी करणाऱ्यांना माहीत होती. दहा बोटांबरोबर दोन्ही डोळ्यांची बुबुळेही नोंदवून घेण्यामागचे ते एक कारण होते. चिखलाने झाकलेला वाघाचा पट्टा आणि झिजलेली बोटाची रेघ, गणिताच्या दृष्टीने ही एकाच जातीची अडचण आहे.

११/ मुळात या रेघा येतात कुठून, याचा शोध १९५२ मध्ये सुरू झाला. ॲलन ट्युरिंग यांचे वडील मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी होते. मुलाने मात्र संगणकाच्या कल्पनेचा पाया घातला आणि महायुद्धात जर्मन सांकेतिक संदेश फोडण्यात मोलाचा वाटा उचलला. त्यानंतर मँचेस्टर येथे असताना त्यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. विषय होता, जीवांना आकार कसा लाभतो याचा रासायनिक आधार.

१२/ ट्युरिंग यांचे म्हणणे त्या काळी विपरीत वाटावे असे होते. विसरण म्हणजे पसरणे, आणि पसरण्याने भेद मिटतात. पाण्यात शाईचा थेंब टाकला की थोड्या वेळाने सारे पाणी सारखेच निळसर होते. पण दोन द्रव्ये एकमेकांशी अभिक्रिया करीत असतील आणि त्यांचे पसरण्याचे वेग वेगळे असतील, तर हेच पसरणे भेद मिटवण्याऐवजी निर्माण करू शकते, हे त्यांनी समीकरणांनी दाखवले. एकसारख्या कातडीवर आपोआप ठिपके आणि पट्टे उभे राहू शकतात.

१३/ आठवडी बाजाराच्या उदाहरणाने हे समजेल. जेथे चार व्यापारी बसतात तेथे गिऱ्हाईक येते, गिऱ्हाईक येते म्हणून आणखी व्यापारी येतात. बाजार स्वतःला वाढवतो. हे जवळच्या अंतरावर घडते. पण त्या बाजाराची ओढ दूरवर पोचते आणि लगतच्या गावांत दुसरा बाजार जम धरत नाही. पुरेसे अंतर गेले की ती ओढ संपते, आणि तेथे नवा बाजार उभा राहतो. कुणी नकाशा आखला नसतानाही बाजारगावे ठरावीक अंतरांवर येतात.

१४/ ट्युरिंग यांच्या समीकरणांत असाच एक उद्दीपक असतो आणि एक रोधक. उद्दीपक स्वतःला वाढवतो, पण सावकाश पसरतो. रोधक त्याला दाबतो आणि वेगाने दूर जातो. कातडीत उद्दीपक जेथे साचेल तेथे काळा रंग. रोधकाने जेथे दाबले तेथे पिवळा. दोन पट्ट्यांतील अंतर या दोन वेगांवरून ठरते. नेमका कोणता पट्टा कोठे वळेल किंवा दुभंगेल, हे सुरुवातीच्या बारीकसारीक योगायोगांवर. म्हणून सारे वाघ पट्टेरी, तरी प्रत्येक वाघ वेगळा.

१५/ त्या निबंधात गाईच्या अंगावरच्या चट्ट्यांसारखी एक आकृती आहे. ती ट्युरिंग यांनी काही तास हाताने आकडेमोड करून काढली होती. संगणकाच्या एका जनकाने कागद-पेन्सिलीने काढलेले ते चित्र या साऱ्या विद्येचे आद्य चित्र म्हणावे लागेल. दोन वर्षांनी, ७ जून १९५४ रोजी, वयाच्या ४१ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. निबंध बराच काळ दुर्लक्षित राहिला.

१६/ १९७२ मध्ये जर्मनीत गिअरर आणि माइनहार्ट यांनी उद्दीपक-रोधकाची कल्पना नव्याने आणि अधिक स्पष्टपणे मांडली. १९९० मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथे एका रासायनिक अभिक्रियेत ट्युरिंग यांनी भाकीत केलेले ठिपके प्रथमच प्रत्यक्ष दिसले. १९९५ मध्ये जपानच्या कोंडो आणि असाई यांनी एंजल माशाच्या कातडीवरचे पट्टे मासा वाढताना सरकतात आणि दुभंगतात, तेही समीकरणांच्या भाकिताप्रमाणे, हे दाखवले. कागदावरचे गणित जिवंत कातडीवर येऊन पोचले.

१७/ मार्जारकुळापर्यंत यायला आणखी काही वर्षे लागली. २०२१ मध्ये मांजरांच्या भ्रूणांच्या अभ्यासातून दिसले की केस उगवण्याच्याही आधी कातडीत पट्ट्यांचा अदृश्य आराखडा तयार होतो, आणि डीकेके-४ नावाचे रोधक प्रथिन त्यात भाग घेते. त्याच वर्षी बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील उमा रामकृष्णन यांच्या गटाने ओडिशाच्या सिमिलीपाल येथील काळ्या वाघांचे कोडे उलगडले. टॅक्पेप नावाच्या जनुकातील एका बदलाने त्यांचे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळतात.

१८/ बोटांच्या रेघांचे उत्तर २०२३ मध्ये आले. एडिनबरा विद्यापीठातील डेनिस हेडन यांच्या गटाने दाखवले की गर्भावस्थेत या रेघा तीन प्रथिनसमूहांच्या ट्युरिंग पद्धतीच्या खेळातून उमटतात. बोटाच्या मध्यातून, नखाच्या बाजूने आणि सांध्याच्या वळीकडून अशा तीन लाटा निघतात. त्या कोठे आणि कधी भेटतात यावरून शंख की चक्र हे ठरते. मांजराच्या पट्ट्यांत आणि माणसाच्या अंगठ्यात काही रेणूही एकाच घराण्यातले आहेत.

१९/ आता दुसरी बाजू, वाचण्याची. रोधकाचे तत्त्व निसर्गाने चित्रे घडवण्याइतकेच चित्रे पाहण्यासाठीही वापरले आहे. १८६५ मध्ये अर्न्स्ट माख यांच्या लक्षात आले की उजेड आणि सावली यांच्या सीमेवर डोळ्याला प्रत्यक्षात नसलेल्या उजळ व गडद पट्ट्या दिसतात. केफर हार्टलाइन यांनी हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्याच्या डोळ्यात त्याचे कारण शोधले : दृष्टीचा प्रत्येक घटक शेजाऱ्याला दाबतो, त्यामुळे कडा उठून दिसतात. त्यांना १९६७ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

२०/ मग प्रयोगशाळेतील एखादे रसायन असेच ‘पाहू’ शकेल काय? सोव्हिएत रसायनज्ञ बोरिस बेलुसॉव्ह यांना १९५१ च्या सुमारास एक द्रावण सापडले होते, ज्याचा रंग घड्याळाच्या लंबकासारखा येत-जात राही. हे अशक्य आहे, असे म्हणून संपादकांनी त्यांचा लेख नाकारला. पुढे अनातोली झाबोटिन्स्की यांनी तो अभ्यास तडीस नेला आणि पातळ थरात या रंगाच्या लाटा वर्तुळांनी पसरतात हे दाखवले. बेलुसॉव्ह यांना लेनिन पारितोषिक मिळाले १९८० मध्ये, मृत्यूनंतर दहा वर्षांनी.

२१/ १९८९ मध्ये ‘नेचर’मध्ये कुनर्ट, अग्लाद्झे आणि क्रिन्स्की यांचा लेख आला. त्यांनी या द्रावणात रुथेनियमचे प्रकाशसंवेदी संयुग मिसळले आणि बशीतील पातळ थरावर चित्र पाडले. चित्राचा उजेड-अंधार रसायनात उतरला, आणि मग अभिक्रिया स्वतःच चित्रावर काम करू लागली. उठाव वाढला, आकृत्यांच्या कडा रेखीव झाल्या, काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे होत गेले. बशीच फिल्म, बशीच स्मृती आणि बशीच गणकयंत्र.

२२/ यातील खरी नवलाई समांतर कामाची. नेहमीच्या संगणकात चित्राचा एकेक बिंदू स्मृतीतून उचलायचा, गणकाकडे न्यायचा, परत ठेवायचा. लाखो बिंदूंसाठी लाखो खेपा. रसायनात प्रत्येक बिंदू त्याच क्षणी आपल्या शेजाऱ्यांशी बोलत असतो. चित्र कितीही मोठे झाले तरी खेपा वाढत नाहीत. पण द्रावण मंद असते, त्याला सेकंद-मिनिटे लागतात, आणि ते थकते. म्हणून रसायनाचे तत्त्व सिलिकॉनमध्ये उतरवण्याचा विचार पुढे आला.

२३/ त्याची जमीन आधीच तयार झालेली होती. १९८८ मध्ये बर्कली येथे लिऑन चुआ आणि लिन यांग यांनी पेशीय जालाची कल्पना मांडली : प्रत्येक चित्रबिंदूसाठी एक छोटे मंडल, आणि ते फक्त शेजारच्या मंडलांशी जोडलेले. कॅलिफोर्नियातच मीशा महोवाल्ड आणि कार्व्हर मीड यांनी डोळ्याच्या पडद्याची नक्कल करणारी चिप बनवली. तीत रोधांच्या जाळीतून विद्युतदाब पसरतो. बशीतल्या द्रव्याचे विसरण येथे विजेचे विसरण होते.

२४/ पट्ट्यांसाठी हे तत्त्व थेट वापरले जपानने. २००१ च्या सुमारास सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात कोइची इतो, ताकाफुमी आओकी आणि तात्सुओ हिगुची यांनी ‘अंकीय अभिक्रिया-विसरण प्रणाली’ मांडली आणि ती बोटांच्या अस्पष्ट ठशांवर वापरली. ठशाचे चित्र हेच उद्दीपकाचे सुरुवातीचे प्रमाण मानायचे आणि समीकरणांना काही पावले चालू द्यायचे. शेजाऱ्यांचा आधार असलेली रेघ ठळक होते, तुटलेली जुळते, एकाकी डाग विरून जातो. गर्भात ज्या नियमाने रेघ उमटली असे पुढे कळले, त्याच धर्तीच्या नियमाने ती दुरुस्त करण्याचा हा उद्योग होता.

२५/ साप्पोरोच्या होक्काइदो विद्यापीठात तेत्सुया असाई आणि सहकाऱ्यांनी ही समीकरणे ट्रान्झिस्टरच्या मंडलांत उतरवली. पट्टे आणि ठिपके स्वतः उमटवणारी चिप त्यांनी आखली. २००५ मध्ये अँड्र्यू ॲडमॅट्स्की, बेन डी लेसी कॉस्टेलो आणि असाई यांचा ‘अभिक्रिया-विसरण संगणक’ या विषयावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बशीतील लाटांपासून सिलिकॉनपर्यंतचा प्रवास त्यात एकत्र आला.

२६/ येथे या विद्येची सर्वांत मोठी मेख समोर येते. ट्युरिंग यांच्या समीकरणांना ठसा दिला नाही, नुसती खरखर दिली, अर्थहीन काळे-पांढरे ठिपके दिले, तरी ती त्यातून सुबक, वळणदार, बोटाच्या रेघांसारख्याच दिसणाऱ्या रेघा काढतात. गर्भात नेमके हेच घडते. योगायोगातून नमुना जन्माला येतो. म्हणजे जे यंत्र पुसट रेघ जुळवू शकते, तेच यंत्र कधीही नसलेली रेघ तितक्याच विश्वासाने रेखाटू शकते.

२७/ जपानी संशोधकांना हे ठाऊक होते. त्यांनी समीकरणांना मोकळे सोडले नाही; ठशाच्या प्रत्येक भागात रेघा कोणत्या दिशेने वाहतात हे आधी मोजून त्या दिशेचा लगाम घातला. तरीही मर्यादा राहतेच. दोन्ही बाजूंना शाबूत असलेली आणि मध्ये थोडीशी तुटलेली रेघ सांधणे हे अनुमान झाले. जेथे काहीच उरले नाही तेथे रेघ काढणे ही निर्मिती झाली. आणि ओळख पटवताना तर रेघ कोठे संपते, कोठे दुभंगते, याच बारकाव्यांवर निकाल लागतो.

२८/ बाजारात पुढे दुसऱ्या पद्धतींनी जम बसवला. १९९८ मध्ये लिन हाँग, यिफेई वान आणि आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी अनिल जैन यांनी दिशा आणि रेघांमधील अंतर पाहून ठसा स्वच्छ करणारी गणिती चाळणी मांडली. ती जगभर वापरली गेली. अंकीय चिप इतक्या स्वस्त आणि वेगवान झाल्या की खास अभिक्रिया-विसरण चिप बनवण्याची निकड उरली नाही. डोळ्याची नक्कल करणाऱ्या चिपचा वंश मात्र टिकला; दृश्यात जेथे बदल होतो तेवढेच टिपणारे आजचे कॅमेरे तिचे वारस आहेत.

२९/ पद्धत बदलली म्हणून मेख सुटली नाही. आजची शिकलेली कृत्रिम जाळीही अस्पष्ट चित्र ‘स्पष्ट’ करतात, आणि तीही पाहिलेल्या नमुन्यांच्या बळावर नसलेले तपशील भरतात. ट्युरिंग यांच्या समीकरणांत हे दोन ओळींत उघड दिसते. जाळ्यांत ते लाखो आकड्यांच्या आड झाकले जाते. चित्र सुंदर होणे आणि चित्र खरे असणे यांतला फरक अभिक्रिया-विसरणाच्या इतिहासाइतका स्वच्छपणे क्वचितच कुठे दिसतो.

३०/ वन्यजीवशास्त्राने या बाबतीत शहाणी वाट धरली. २००९ मध्ये लेक्स हिबी आणि सहकाऱ्यांनी वाघाच्या शरीराच्या त्रिमित प्रतिकृतीवर छायाचित्र बसवून पट्टे जुळवणारी संगणक-पद्धत प्रसिद्ध केली; जप्त केलेली कातडी जिवंतपणी काढलेल्या छायाचित्राशी जुळवण्यासही ती उपयोगी पडते. पण ही पद्धत निवाडा करीत नाही. ती सर्वाधिक जवळच्या नोंदी क्रमाने पुढे ठेवते, आणि ‘हाच तो’ हे शेवटी माणूस मूळ छायाचित्रे शेजारी ठेवून ठरवतो.

३१/ अंगठ्याच्या यंत्रापुढे उभ्या असलेल्या शेतकऱ्याला अशी सोय क्वचितच मिळते. तेथे यंत्राचे उत्तर हो किंवा नाही. यंत्र चुकून ‘हो’ म्हणाले तर एकाचा हक्क दुसऱ्याकडे जातो. चुकून ‘नाही’ म्हणाले तर खऱ्या माणसाला रिकाम्या हाताने परतावे लागते. झिजलेली रेघ कितीही हुशारीने सांधली, तरी जी पुरती गेली ती कोणत्याही गणिताने परत येत नाही. म्हणून बुबुळ, कागद, ओळखणारा माणूस, असा दुसरा दरवाजा व्यवस्थेत उघडा असावा लागतो.

३२/ टिपेश्वरच्या वाघाचा पट्टा आणि त्याच्या वाटेवरच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बाईच्या अंगठ्याची रेघ, दोन्ही जन्माआधीच एका उद्दीपकाच्या आणि एका रोधकाच्या झटापटीतून उमटतात. ट्युरिंग यांनी हाताने आकडेमोड करून त्या झटापटीचा नियम दाखवला. बशीतल्या द्रावणाने आणि सिलिकॉनच्या तुकड्याने तो नियम उलटा वाचून पाहिला. नमुना कसा घडतो हे त्या नियमाने सांगता येते. तो कुणाचा आहे, हे ठरवायला मात्र मूळ खूणच लागते.